पोत्यानं दिलेलं वचन

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ वाजता चुनाभट्टीच्या फाटकाशी दीडशे माणसं उभी होती आणि एकही जण खोकत नव्हता. एरवी या माणसांना खोकल्याशिवाय सलग दोन वाक्यं बोलता येत नसत. पण आज साखळीखाली पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं आणि भांड्यासमोर धाकटी उभी होती.

साखळी फाटकाच्या कमानीला टांगलेली. या माणसांच्या खापरपणज्यांना बाजारात विकत घेऊन, याच साखळीत ओवून इथं आणलं होतं. पुढे कायद्यानं गुलामगिरी मोडली, फाटकाचं कुलूप निघालं. तरी भट्टी सोडून कुणी जात नसे. का, तर सुटका झाली त्या दिवशी म्हणे खापरपणज्यांनी मालकाला रक्ताचं वचन दिलं होतं, की आमचा वंश ही भट्टी विझू देणार नाही. म्हणून ज्याला जायचं असेल त्यानं आधी वचनाच्या पाण्यात हात घालायचे. पाणी स्वच्छ राहिलं तर पूर्वजांनी सोडलं. लाल झालं तर रक्तानं अडवलं. त्यातूनही जो जाईल त्याचं स्वतःचं काही बिघडत नसे. मागे राहिलेल्या घरातलं कुणीतरी वर्षाच्या आत मरत असे. ही शेवटची मेख ज्याला सुचली, त्याचं डोकं मात्र मानलं पाहिजे.

"लेकरांनो," साक्षीबाबांनी सुरुवात केली. त्यांचे पूर्वजही साखळीतूनच आलेले, पण तीन पिढ्या त्या घराकडे एकच काम होतं: साखळीची राखण आणि पाण्याची साक्ष. "माणूस खोटं बोलतो. पाणी बोलत नाही. पाणी आईसारखं असतं, पाणी आरशासारखं असतं, पाणी..."

"पाण्यासारखं असतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बाबांनी पाहिलं. ती धाकटीची थोरली बहीण होती. चुन्याच्या पोत्यांची तोंडं शिवायची हे तिचं काम, म्हणून आणि जिभेमुळेही, सगळे तिला दाभण म्हणत.

बाबांनी बाह्या सारल्या आणि आधी स्वतःचे लोण्यासारखे मऊ हात पाण्यात घातले. पाणी तसंच राहिलं. "बघा. पाण्यात खोट नाही. ये, पोरी."

धाकटीनं नियमाप्रमाणे फाटकालगतच्या हौदात कोपरापर्यंत हात धुतले होते. निथळते हात तिनं पाण्यात घातले. बोटांभोवती गुलाबी धूर सुटावा तसं काहीतरी पसरलं, आणि पाहता पाहता सगळं भांडं लाल झालं.

दीडशे माणसं एकदम खोकली.

"रक्त बोललं," बाबा म्हणाले. "मी काय बोलणार?"

घरी आल्या आल्या आईनं धाकटीची पत्र्याची पेटी उघडली आणि आतले कपडे एकेक करून पुन्हा खुंटीवर लावायला घेतले. धाकटीला शहरातल्या इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"आई, अजून आठवडा आहे," थोरली म्हणाली.

"आठवड्यानं रक्त बदलतं का? तुझी मावशी न विचारता गेली. सहा महिन्यांत आजोबा खोकून गेले."

"आजोबा चाळीस वर्षं चुन्याच्या धुळीत होते, आई."

"होते ना चाळीस वर्षं? मग त्याच वर्षी का गेले?"

सात वर्षांपूर्वी थोरलीनंही त्या भांड्यात हात घातले होते. तिला शिवणकाम शिकायला जायचं होतं. पाणी लाल झालं, आणि कपड्यांऐवजी ती पोती शिवत बसली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "जाऊ दे गं ताई," ती म्हणाली. "आईला काही झालं तर नर्स होऊन तरी काय करू?"

सोमवारी थोरली कामावर गेली. पोती शिवण्यापूर्वी प्रत्येक ढिगातला चिमूटभर चुना पुडीत बांधून तपासणीच्या खिडकीत द्यायचा, हेही तिचंच काम. आतला तपासनीस शहरातून येणारा, चष्म्याच्या वरून बघणारा माणूस होता. त्यानं पुडी पाण्यात ढवळली, बाटलीतला पाण्यासारखाच दिसणारा एक थेंब टाकला, आणि पेला लाल झाला. "पास," तो म्हणाला.

हे तिनं सात वर्षांत हजारदा पाहिलं होतं. आज मात्र ती खिडकीपाशीच थांबली. तोच लाल होता. खिडकीत त्याला नमुना म्हणत होते आणि फाटकात रक्त. जागा बदलली की नाव बदलत होतं, आणि नाव बदललं म्हणून तिला तो लाल कधी ओळखूच आला नव्हता.

"हे लाल का होतं?" तिनं विचारलं.

"चुना आहे म्हणून. खडूची भुकटी असती, तर पाणी पांढरंच राहिलं असतं. मुकादम भेसळ करतात का ते कळायला हे औषध."

"रक्ताचा काही संबंध?"

"रक्त कुठून येणार यात?" त्यानं चष्मा सारखा केला.

"हे औषध आणखी कुणी नेतं?"

तो थोडा वेळ पुडीच्या घड्या घालत बसला. "साक्षीबाबा. दर शनिवारी एक छोटी बाटली. डोळ्यांना लागतं म्हणतात."

"हे डोळ्यांत घालतात?"

"लोकांच्या घालत असतील," तो बोलून गेला आणि लगेच दाराकडे बघू लागला.

"तुम्ही कधी विचारलं नाही त्यांना?"

"विचारलं की उत्तर मिळतं, बाई. मग नोकरी करणं अवघड जातं." पण तिचा चेहरा बघून त्याला राहवलं नाही. त्यानं लाल पेल्यात काचेची नळी बुडवली आणि फुंकत राहिला. बुडबुडे आले. लाल रंग गुलाबी झाला, मग गेलाच. पाणी दुधाळ दिसू लागलं. "आपल्या श्वासातल्या वायूनं चुन्याचा खडू होतो," तो म्हणाला. "खडूवर हे औषध चढत नाही."

त्या आठवड्यात थोरलीनं कामात लक्ष दिलं नाही. बोटांत दोनदा दाभण घुसलं. तपासनिसाकडून तिनं थोडं औषध आणि एक काचेची नळी मागून आणली होती, आणि दिसेल त्यावर ती थेंब टाकून पाहत होती. प्यायच्या नळाचं पाणी स्वच्छ राहिलं. फाटकाच्या हौदाचं लाल झालं. उघडाच हौद, वर्षानुवर्षं त्यात चुन्याची धूळ पडत आलेली, तळाशी वीतभर गाळ. आपला हात नळाच्या पाण्यात बुडवून तिनं पाहिलं: लाल. तोच हात लिंबू चोळून, नळाखाली धुऊन पुन्हा बुडवला: स्वच्छ. म्हणजे पूर्वजांना लिंबू चालत होतं.

मग तिला शेजारचे लुळे आजोबा आठवले. तीस वर्षांत फक्त त्यांचंच पाणी स्वच्छ राहिलं होतं. दोन वर्षं खाटेवर पडलेले, खाटेसकट आणलेले, म्हणून हौदावर हात धुणं त्यांना माफ होतं. जो कामाचा उरला नाही त्याला पूर्वजांनी सोडलं, आणि तेव्हा सगळ्यांनी 'केवढी दया' म्हणून हात जोडले होते. तिनंही.

सगळं उलगडलं होतं, तरी झोप येत नव्हती. गुरुवारी पहाटे आई खोकत उठली आणि थोरली अंथरुणात उठून बसली. पोरीनं नुसता जायचा विचार केला तर आई... पुढचा विचार तिनं दाबला. डोक्याला सगळं पटलं होतं. भीती अंगात दुसरीकडेच कुठंतरी राहत होती आणि तिथवर ही बातमी पोचली नव्हती. शिवाय आणखी एक सल होता. बाबांची लबाडी खरी मानायची, तर गेलेली सात वर्षं फुकट गेली हेही मानावं लागत होतं. रक्तानं अडवलं म्हणण्यात निदान थोडा मान तरी होता.

शनिवारी तिनं धाकटीला एवढंच सांगितलं, "पेटी भर. आईला सांगू नकोस."

सुट्टीच्या दिवशी पुन्हा भांडं मांडलं गेलं. बाबांनी हात बुडवून पाणी निर्मळ असल्याची साक्ष दिली. थोरली पुढे झाली. तिच्या खांद्यावर अर्धं भरलेलं पोतं होतं.

"आता तुलाही जायचंय का गं, दाभण?" बाबा हसले.

"मला नाही. या पोत्याला जायचंय. विचारा पूर्वजांना."

लोक हसायला लागले, तेवढ्यात तिनं मूठभर चुना भांड्यात टाकला. पाणी लालभडक झालं. हसू जागच्या जागी थांबलं.

"बाबा, या पोत्यानं कुणाला वचन दिलं होतं?"

बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पोतंही याच मातीचं, पोरी. याच मातीचं मीठ खाल्लेलं."

"बरं. मग पाणी बदलू." तिनं भांडं रिकामं केलं, नळाचं पाणी भरलं आणि आपल्या बाटलीतले थेंब सगळ्यांसमोर टाकले. पाणी स्वच्छच होतं. चुन्यानं माखलेल्या हातांनी तिनं बाबांचा हात दोन्ही तळव्यांत घट्ट धरला. "आता तुम्ही घाला."

"मी मघाशीच घातला."

"मघाशी तो कोरा होता. आता आमच्यासारखा झालाय."

बाबा हात मागे घेऊ लागले. पुढच्या रांगेतला एक भट्टीवाला मजूर म्हणाला, "घाला की बाबा. पाणी आईसारखं असतं ना?" आणि त्यानंच त्यांचं मनगट धरून खाली नेलं. पाणी लाल झालं.

"अरेरे," कुणीतरी म्हणालं. "आता बाबांनाही जाता येणार नाही."

"श्रद्धेची परीक्षा बघू नये," बाबा चढ्या आवाजात म्हणाले.

"तुम्हीच बघत होतात की, दर सुट्टीला," थोरली म्हणाली.

तिनं लाल पाण्याचा एक पेला भरला, काचेची नळी काढली आणि फुंकू लागली. मिनिटभर फक्त बुडबुड्यांचा आवाज येत होता. लाली ओसरली. तिनं पेला वर धरला. मग तिनं सांगितलं: तपासणीच्या खोलीतलं औषध, शनिवारची बाटली, हौदातला गाळ, लुळ्या आजोबांचे कोरडे हात.

"हे रक्त नव्हतं. ही आपली रोजची मजुरी होती, हातावर बसलेली. जितकी जास्त मजुरी, तितका गडद लाल. पण मी सांगते म्हणून मानू नका. तसं मानलंत, तर बाबांच्या जागी मी आले एवढंच होईल. भांडं इथं आहे, नळी इथं आहे. स्वतः करून बघा. आणि पुढे कुणी काही अडवलं, तर आधी विचारा, हे कशानं होतं? विचारल्यानं कुणाच्या घरात माणूस मरत नाही."

कुणी पुढे आलं नाही. फाटक उघडं होतं. धाकटी पेटी घेऊन उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती, आणि तिचाही पाय उचलत नव्हता. ती आईकडे बघत होती.

आई गर्दीतून वाट काढत आली. कुणाकडेही न बघता तिनं हात भांड्यात बुडवले, लाल पाण्याचा पेला भरला आणि थोरलीच्या हातातली नळी घेतली. फुंकर अर्ध्यावर आली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती वाकून खोकली. बाबांचे डोळे चमकले. "बघा," ते म्हणाले.

"धूळ आहे ती," आई म्हणाली. तोंड पुसून तिनं पुन्हा नळी लावली. रंग जायला पाच श्वास लागले. सगळ्यांनी ते मोजले.

तिनं दुधाळ पाणी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग धाकटीला म्हणाली, "जा. उशीर होईल. खोकल्याचं औषध काय असतं ते नीट शिकून ये."

धाकटी फाटकाबाहेर पडली. मागे वळून पाहिलं, पण चालत राहिली. भट्टीवाल्यानं भांड्याकडे हात नेला, थबकला, मग घातला. त्याच्यामागे रांग लागू लागली.

आईनं नळी त्याच्याकडे दिली आणि थोरलीकडे वळली.

"आणि तुझी पेटी कुठंय?"

सात वर्षांत थोरलीला हे कुणी विचारलं नव्हतं.