कुचेरांची शिट्टी

लेनोरा गाव आधी रेल्वेच्या नकाशावर जन्मलं, जमिनीवर नंतर. नेब्रास्काच्या उघड्या माळावर इंजिनांना कुठेतरी पाणी पाजायला हवं, म्हणून कंपनीने इथे विहीर खणली, लाकडी टाकी उभी केली आणि कुणा अधिकाऱ्याच्या मुलीचं नाव जागेला देऊन टाकलं. ती मुलगी इथे कधी आली नाही. चर्च, शाळा, गुत्ता, धान्याची कोठारं, सगळं त्या टाकीच्या मागून आलं. रस्ते रुळांना धरून आखले आणि रूळ तिरके जातात, त्यामुळे आमच्याकडे कुणाच्याच घराचं दार धड पूर्वेला नाही की दक्षिणेला नाही. आता रूळ उखडून नेले, टाकी गेली. तिरकेपणा तेवढा राहिला आहे.

मी स्टेशनात तारमास्तर होतो. गावाचा इतिहास तूच लिही, असं लोक मला सांगतात, कारण मी पुस्तकं वाचतो. वाचणाऱ्याला लिहिता येतंच असा त्यांचा समज आहे. विहीर कधी खणली, आग कधी लागली, ते मी लिहून काढलं. लॅड कुचेराचा दिवस मात्र त्यात कुठे बसवावा, हे मला आजवर समजलेलं नाही. म्हणून तो इथे वेगळा लिहितो आहे, जमेल तसा.

वाफेच्या इंजिनांच्या काळात आमच्याकडे इंजिन कंपनीचं असे, पण शिट्टी ड्रायव्हरची स्वतःची. माणूस दुसऱ्या इंजिनावर गेला की आपली पितळी शिट्टी पान्याने काढून घेऊन जायचा. प्रत्येकीचा आवाज निराळा आणि ती वाजवायची प्रत्येकाची तऱ्हाही निराळी. बायका चुलीपाशी उभ्या राहून सांगत, अमका आला, तमका आला. एमिल कुचेराची शिट्टी पाच सुरांची होती. त्याने ती मुद्दाम ओतवून घेतली होती आणि कानशीने घासून घासून जुळवली होती. निवृत्त झाला तेव्हा त्याने ती एकुलत्या एका मुलाला, लॅडला दिली. ती माळावर वाजली की लॅडची आई अल्बिना पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडायची. पोरगा हातपाय धुऊन टेबलापाशी येईपर्यंत ते बरोबर शिजलेले असत.

त्या एप्रिलात बर्फ वितळायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ पडली. लॅड सकाळी इंजिन घेऊन पश्चिमेला, विलो ओढ्याच्या पलीकडे कोल्टनला गेला होता. तिथून दगडांची गाडी आणायची होती. दुपारी माझी तार मुकी झाली. ओढा फुगून पात्राबाहेर आल्याचं कळलं, तसं सगळं गाव फलाटावर जमलं. रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम ओटो ब्रँडल याने लॅडच्या शोधात जायला हातट्रॉली रुळांवर चढवली आणि तिच्यावर सपाट तळाची होडी बांधायला घेतली.

"एवढ्या पाण्यात कुठं निघालास, ओटो? मासे धरायला?" कुणीतरी ओरडलं.

"तुझी सासू वाहून आलीय का ते बघायला," ओटो म्हणाला. "आली असली तर पुढं ढकलून देतो."

तेवढ्यात पश्चिमेकडून ती आली. फार लांबून, पावसातून, पण पाचही सूर होते. एमिलने डोक्यावरची टोपी काढली.

"माझी! अरे, माझीच ही! पोरगं पलीकडे सुखरूप उभं आहे. पुलावर इंजिन घातलंच नाही त्यानं. शहाणा आहे. बापावर गेलाय."

"मग आईवर काय गेलंय?" ओटोने विचारलं.

"नाक!"

सगळे हसले. अल्बिना हसली नाही.

"एमिल, हात त्याचा नाही."

"काय?"

"लॅड शेवटचा सूर हळूच सोडतो. हा तोडतोय. ऐक."

शिट्टी पुन्हा वाजली. एमिलने मान हलवली. "अगं, गारठले असतील हात. सकाळपासून भिजतोय तो. शिट्टी मी घडवलीय, मला सांगतेस?"

"शिट्टी तुझीच आहे. मी हाताचं म्हणतेय."

"ऐका रे! हिला आता हात ऐकू यायला लागले!"

ओटोचा हात दोरीवर थांबला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय रे पुस्तकी किड्या, तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, तार बंद आहे, मला काही माहीत नाही. ते खरंच होतं. ओटोने होडीची दोरी सोडली आणि ट्रॉली रुळांवरून उतरवली. जो माणूस पलीकडे सुखरूप आहे त्याच्यासाठी आपली माणसं पुरात घालायची, हे कुठल्या मुकादमाला पटलं असतं? संध्याकाळभर शिट्टी अधूनमधून वाजत होती. दर वेळी एमिल खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांना हात करायचा. अल्बिनाने त्या दिवशी गोळे पाण्यात सोडले नाहीत.

सकाळी पाणी ओसरलं, तेव्हा ओटो पुलाचं काय झालं ते बघायला गेला. पूल मधोमध तुटला होता. खाली एक हलकं इंजिन कुशीवर पडलं होतं आणि काठाजवळच्या कॉटनवूडच्या झाडात दोन माणसं होती. लॅडच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन गस टॉलिव्हर जिवंत होता. लॅडने स्वतःला पट्ट्याने फांदीला बांधून घेतलं होतं. थंडीने तो गेला होता.

झालं होतं ते इतकंच. कोल्टनला लॅडने हार्लन बॉयल नावाच्या ड्रायव्हरशी इंजिन बदललं. पूल हलतोय असं ऐकलं होतं, तेव्हा तुझं हलकं इंजिन घेऊन मी आणि गस पुढे होतो, माझ्या जड इंजिनाला गाडी जोडून तू मागून ये, असं लॅडने ठरवलं. वाफ चढलेली होती, त्यामुळे जड इंजिनावरची आपली शिट्टी त्याला काढता येईना. संध्याकाळी घेईन, लॅड म्हणाला. रुळांवर पाणी दिसताच हार्लन पुलाच्या बराच मागे थांबला. लॅड केव्हाच घरी पोहोचला असेल, असं त्याला वाटत होतं. मी इथे अडकलोय हे गावाला कळावं, म्हणून तो शिट्टी वाजवत राहिला.

गस स्टेशनात माझ्या शेगडीपाशी घोंगडी पांघरून बसला होता. सुरुवातीला आम्ही घाबरलोच नव्हतो, असं म्हणाला.

"लॅड म्हणत होता, बाबा आणि ओटो ट्रॉली घेऊन निघालेच असतील. ओटोच्या शिव्या ऐकायची तयारी ठेव. मग मागून ती शिट्टी वाजली. तो हसला. म्हणाला, हार्लनला काही वाजवता येत नाही."

"मग?"

"मग म्हणाला, गस, आता कुणी येणार नाही. बाबांना वाटेल, मी तिथं आहे." गसने घोंगडीत तोंड खुपसलं. "त्यानंतर हाका मारल्याच नाहीत रे त्यानं. मी मारत होतो. तो नाही."

हार्लन शिट्टी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. एमिल घराबाहेर आला नाही, तेव्हा ती स्टेशनच्या गोदामात ठेवली गेली.

दफन झाल्यावर एमिलने गसला घरी बोलावलं. एकट्याने जायचं धैर्य होईना, म्हणून गस मला ओढून घेऊन गेला. टेबलावर शेजारणींनी आणून ठेवलेले कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव होते, कुणी हात न लावलेले. अल्बिना चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"गस," एमिल म्हणाला, "खोटं बोलू नकोस. शिट्टी वाजत होती तेव्हा तो शुद्धीवर होता?"

गस हातातली टोपी फिरवत राहिला.

"त्यानं ऐकली का ती?"

मला वाटलं, आता अल्बिना बोलणार. तिला अधिकार होता. फलाटावर तिने जे सांगितलं होतं, तेच पुन्हा एकदा म्हणायचं होतं फक्त. त्यानंतर एमिलला घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ती वळली. तिचा चेहरा मी नीट पाहिला नाही. पाहवला नाही.

"काय ऐकणार, एमिल?" ती म्हणाली. "खाली पाणी केवढं गरजत होतं. गस, तुम्हा दोघांना काही ऐकू आलं का रे?"

गसने तिच्याकडे पाहिलं. "नाही, मिसेस कुचेरा. पाण्याशिवाय काही नाही."

"आणि वाराही उलटा होता," ती म्हणाली.

एमिल तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. तो तसा होता म्हणून तर शिट्टी झाडावरून, ओढ्यावरून, थेट फलाटापर्यंत आली होती. त्या माळावर जन्मभर इंजिन हाकलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"हो," तो शेवटी म्हणाला. "वारा उलटा होता."

तिने मान हलवली आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली.