गाडीचं मागचं दार

वीस वर्षं मी बालकल्याण खात्याची गाडी चालवतोय. खात्यातले लोक मूल 'आणलं' म्हणायचे, गल्लीतले लोक 'उचललं' म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही. पोटासाठी स्टिअरिंग धरलं होतं, तोंड उघडायला नाही. रडणाऱ्याच्या हातावर लिंबाची गोळी ठेवायची आणि समोर बघायचं. मागून मात्र आवाज यायचा. पोरं दाराचं हँडल ओढून बघायची, खट्, खट्. चाइल्ड लॉक असलं की मागची दारं आतून उघडत नाहीत. आता रिकाम्या गाडीतही तो आवाज येतो. बायको म्हणाली, "गॅरेजला दाखवा." दाखवलं. मेकॅनिक म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, काका. तुम्हीच डॉक्टरकडे जा."

यंदा नियम बदलला. घरात काही कमी असेल तर मूल न्यायचं नाही, जे कमी आहे तेच घरी पोचवायचं. टपावर लहान मुलीचा पलंग बांधताना मी चक्क शीळ घालत होतो.

पण त्या घराचं दार उघडेना. तळमजल्यावरची एक खोली, आत एक बाई आणि तिची चार वर्षांची पोरगी. खात्याच्या मॅडम दोनदा हात हलवत परतल्या होत्या. तिसऱ्यांदाही दार बंद राहिलं तर 'असहकार' असा शेरा आणि प्रकरण थेट कोर्टात. म्हणजे पोरगी माझ्याच मागच्या सीटवर. मॅडम म्हणाल्या, "मला बघून ती भडकते. आज तुम्ही एकटेच जा."

मी दार वाजवलं. दाराशेजारची खिडकी वीतभर उघडली, आत ती बाई होती.

"ताई, पोरीचा पलंग आणलाय. न्यायला नाही, द्यायला आलोय."

तिने माझा चेहरा न्याहाळला. "लिंबाची गोळी नाही आणलीत?"

म्हणजे हीसुद्धा लहानपणी माझ्याच गाडीतून गेलेली. किती पोरं नेली, एकाचाही चेहरा धड आठवत नाही. सांगायला लाज वाटते.

"माझ्या आईकडेही पलंगच नव्हता," ती म्हणाली. "तेव्हा का नाही आणलात, काका?"

"तेव्हा तसा नियम नव्हता." बोललो आणि माझीच मला शिसारी आली.

ती बाहेर आली. तिने गाडीचं मागचं दार उघडलं. "बसा."

मी बसलो. तिने दार लावलं आणि काचेपलीकडून म्हणाली, "आता आतून उघडा. उघडलं तर पलंग घेते."

मी हँडल ओढलं. खट्. पुन्हा ओढलं. खट्. पलंग बांधला, शीळ घातली, पण लॉक काढायचं डोक्यातच आलं नव्हतं. काचही खाली होईना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसती तो आवाज ऐकत होती. आणि पन्नाशी उलटलेला मी बाप्या हुंदके देऊन रडायला लागलो.

शेवटी तिनेच बाहेरून दार उघडलं. "मी अर्ध्या रस्त्यापर्यंत ओढत होते," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत."

लॉकची खुंटी दाराच्या कडेलाच असते, नखानं सरकते. मी ती सरकवली, पुन्हा आत बसलो, दार ओढून घेतलं आणि आतून उघडून दाखवलं. क्षणभराचं काम. वीस वर्षांत केलं नव्हतं.

तिने घराचं दार उघडलं.

"पलंग आत आणा. आणि गाडी कोपऱ्यापलीकडे नेऊन लावा. पोरगी झोपलीय, उठल्यावर तिला ती दिसायला नको."