चौदावा नमुना

मंजुश्रीने तीच फाईल तिसऱ्यांदा चालवली आणि उत्तर पुन्हा तेच आले. चौदावा नमुना देवणी जातीच्या गायीच्या केसांचा. पण त्यातले शंभरात नऊ डीएनए-तुकडे गायीशी जुळेनात, म्हशीशी नाही, शेळीशीही नाही. ते जुळत होते माणसाशी. वेगवेगळ्या प्राण्यांचे जनुकक्रम शेजारी मांडून कोण कुणाशी किती जुळतो, हे सांगणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला भीडभाड नव्हती. दिसले ते तोंडावर सांगून मोकळे.

शेजारच्या टेबलावरून रविकिरण डोकावला.

"कुणीतरी हातमोजे न घालता केस काढलेत, मॅडम. माणूस उडवा. संध्याकाळी सरांना साफ फाईल पाहिजे."

गाय तिच्या उदगीरच्या घरचीच होती, गौरी. आई गेल्यावर सहा महिन्यांत तीही गेली. 'तिचे केस हायेत माझ्यापाशी,' असे म्हणून वडिलांनी, अप्पांनी, नांदेडला तिच्या प्रयोगशाळेत पाकीट पाठवले होते.

तिने फोन लावला.

"अप्पा, गौरीचे केस कुठून काढले होते?"



"तुझ्या आईच्या कंगव्यातून. त्याच कंगव्यानं शेपटी विंचरायची गौरीची. लई वेळा बोललो, ऐकती कुठं."

"म्हणजे त्यात आईचेही असतील."

"असतील की. गायीचे बी काळे-पांढरे, तिचे बी. निवडाय बसलो होतो. मग म्हणलं, राहू दे सोबत. काई बिघडलं का, मंजू?"

"नाही, अप्पा."

आई गेली त्या दिवशी वाटेत नायगावला दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात तिचे दोन तास गेले होते. घरी पोचली तेव्हा आईला माती देऊन झाली होती. चेहरा पाहायचा राहिला तो राहिलाच.

तिने सॉफ्टवेअरला साफ करायची आज्ञा दिली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला: माणसाचे तुकडे पुसायचे, की वेगळे ठेवायचे? इथे सगळे पहिलेच निवडत. तिने दुसरे निवडले.

"झालं का साफ?" रविकिरणने विचारले.

"गाय झाली," ती म्हणाली. गायीची फाईल तिने सरांना पाठवली. मग दुसरी, माणसाच्या तुकड्यांची, उघडली. जनुकक्रमाची चारच अक्षरे होती, पुन्हा पुन्हा तीच. खुर्ची पुढे ओढून ती पहिल्या ओळीपासून वाचत बसली.