उन्हात ठेवलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना इंकजेट प्रिंटर आहे. आत्मवृत्त लिहायचे तर शाई हवी आणि माझी तर वाळून गेली आहे. तेव्हा ऐकूनच घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. १९९९ साली मी तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या वेंकटरमणच्या फोटो स्टुडिओत आलो. त्याच्या बायकोने, सुंदरीने, मला चंदन-कुंकू लावले आणि नेमके कागद बाहेर पडतो तिथे लिंबू ठेवले. माझा पहिला कागद त्या लिंबामुळे अडकला.

जुने कृष्णधवल फोटो नवे करून देणे हे माझे काम. गावात दिवंगतांची कमतरता नव्हती, त्यामुळे धंदा बरा चालला.

अडचण होती शाईची. रंगीत शाया मिसळून काळा केला, की माणसे ट्यूबलाइटखाली हिरवी आणि दारात नेली की जांभळट दिसत. मेलेल्या माणसाचेही असे हाल करू नयेत. दुसरी, बाटलीतून भरायची शाई पाण्यात सरबतासारखी विरघळलेली. तिचा काळा रंग पाहावा तर डोळे निवत. तिसरी चेन्नईहून मागवलेली. तिच्यात काजळीसारखे बारीक कण होते आणि ते कागदावर घट्ट बसत. पण ती दिसायला मंद, राखेसारखी.

सुंदरीने तिन्ही शायांच्या पट्ट्या माझ्याकडून छापून घेतल्या, अर्ध्या झाकल्या आणि खिडकीत उन्हाला ठेवल्या. दोन महिन्यांनी झाकण काढले. बाटलीतल्या शाईचा उघडा भाग चहाच्या डागासारखा झाला होता. चेन्नईची शाई होती तशीच होती.

"ऐका हो," ती म्हणाली, "पूजेच्या फोटोला बाटलीतली नक्को."

"सरी, सरी," वेंकटरमण मान डोलवत म्हणाला आणि त्याने पट्ट्या खणात टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात चंद्रमती टीचर आल्या. साठीच्या, निवृत्त. वेंकटरमणला त्यांनी शाळेत गणित शिकवले होते, म्हणजे शिकवून पाहिले होते. पिशवीतून त्यांनी रुमालात बांधलेला एक तडकलेला फोटो काढला.

"माझी आई. मी जन्मले अन् ती गेली. मज आई ठाऊक ती एवढीच रे. नीट करशील, का गणितासारखं?"

वेंकटरमणने चार दिवस पडद्यावर एकेक तडा बुजवला. मग दोन प्रती काढल्या, एक चेन्नईच्या शाईची, एक बाटलीतल्या. टीचरनी राखाडी प्रत बाजूला सारली आणि दुसरी हातात धरली.

"अय्यो! केस बघ किती काळेभोर! वेंकट, तुज मी कधी शाबासकी दिली नव्हती, नाही का? आज घे."

पंचवीस वर्षांनी मिळालेली शाबासकी. खण हाताशी होता, खणात पट्टी होती. वेंकटरमण नुसता हसला.

"आता हा फुटका घरात कशास?" टीचर म्हणाल्या. "तडकलेला फोटो पूजेत ठेवू नये. तिच्या तिथीला कावेरीत सोडते."

हे ऐकूनही त्याने तीच प्रत गुंडाळून दिली. मी तर काय, सांगतील तेवढेच छापणारा.

दीड वर्षाने टीचर परत आल्या. फ्रेम छातीशी धरलेली. ती त्यांच्या घरी दारासमोर टांगलेली असे. सकाळचे ऊन थेट तिच्यावर येई. केस आधी तपकिरी झाले, मग गुलाबी. आता फ्रेममध्ये फिकट कागद होता आणि काचेवर, कपाळ असायचे तिथे, रोज लावलेला कुंकवाचा पोट्टु लालभडक होता.

"दुसरी प्रत काढ," त्या म्हणाल्या. "त्या डब्यात असेल ना?"

डबा म्हणजे कॉम्प्युटर. त्यात जागा कमी. लग्नसराईत वेंकटरमणने जुने सगळे पुसले होते. राखाडी प्रत तर त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेली होती आणि मूळ फोटो कावेरीत. त्याने हे सांगितले, मान खाली घालून. सुंदरी दारात उभी होती. पट्ट्या ठेवल्या होत्या त्या खिडकीकडे ती पाहत होती.

टीचरनी फ्रेम मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तू चार दिवस बघत होतास तिला. नाकाशी तीळ होता ना? कोणत्या अंगास? काल आठवू गेले, तर दोन्हीकडे दिसतो रे."

वेंकटरमणला आठवत नव्हते. "डावीकडे, टीचर," तो म्हणाला.

"हां. डावीकडेच," त्या म्हणाल्या आणि समाधानाने उठल्या.

उजवीकडे होता. माझे शाई फवारणारे डोके त्यावरून ओळीओळीने गेले होते.

मित्रांनो, शाई निवडताना आज ती किती काळी दिसते हे पाहू नका. ऊन खाऊन किती उरते ते पाहा. नवी प्रत कितीही देखणी असो, जुना तडकलेला कागद जपून ठेवा. आणि जो विकतो त्याने पट्टी खणात ठेवू नये. गिऱ्हाईक खुशीत असले, तरी दाखवावी.