दर्शनाला आलेले मासे

बंद हॉलमध्ये पन्नास माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका काचेच्या टाकीवर खिळल्या होत्या. झगझगीत दिव्याखाली, पाण्यातल्या हिरव्यागार पानांवरून बारीक बुडबुडे भराभर सुटत होते. शेजारी पांढऱ्या झब्ब्यातले प्राणगुरू उभे होते.

"बघा! माझा प्राण या पानांतून तुमच्यात उतरतोय. आणि हे मासे? दर्शनाला वर आलेत, दर्शनाला!"

मासे खरंच वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. लोकांनी भक्तिभावानं हात जोडले.

मागे बसलेल्या एका नर्सचं लक्ष मात्र शेजारच्या आपल्या आईकडे होतं. आईला जुना दमा. इथला नियम असा, की औषधाचा पंप दाराजवळच्या कुलूपबंद पेटीत टाकायचा आणि बैठक संपेपर्यंत दाराला कुलूप. दोन्ही किल्ल्या नर्सच्या सख्ख्या दादाकडे. तो पट्टशिष्य झाला होता ना! आईला एकटं सोडवेना म्हणून नर्स आली आणि स्वतःही कोंडली गेली.

"गुदमरतंय रे मला," आई दादाकडे बघत कशीबशी म्हणाली. तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"दादा, पेटी उघड!"

"बैठक मोडता येत नाही. तायडे, तुझ्या शंकेमुळेच हे होतंय."

दादा दाराला पाठ लावून उभा. नर्सला भिंती अंगावर आल्यासारख्या वाटल्या. मदतीसाठी तिनं इकडंतिकडं पाहिलं, तर समोर तेच मासे. वॉर्डात धाप लागलेले पेशंट ती रोज बघायची. ते असंच तोंड उघडतात. हे कसलं आलंय दर्शन!

ती तडक पुढे गेली. टाकीतली एक बारीक नळी टेबलाखाली उतरली होती. तिनं टेबलावरचा मखमली पडदा ओढला. आत सिलिंडर, त्यावर ठळक अक्षरं: कार्बन डायऑक्साइड.

"हात लावाल तर भस्म व्हाल!" प्राणगुरू किंचाळले.

"भस्म? महाराज, या वायूनं तर आग विझवतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नर्सनं सिलिंडर बंद केला. "हा वायू आणि हा दिवा मिळाला की पानं अन्न तयार करतात आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात. कुणाच्याही टाकीत! यांनी तमाशासाठी वायू भरमसाट सोडला, म्हणून मासे गुदमरतायत."

"पण ते गुरूंपाशी वर येतात," दादा अडून बसला.

मग तिनं जाळीनं दोन मासे उचलले आणि टाकीसाठी भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडले. "गुरू इथंच आहेत. बघ आता."

एक मिनिट गेलं, दोन गेली. आईची शिट्टी ऐकत थांबणं नर्सला असह्य झालं. मग एक मासा शांतपणे तळाशी गेला. पाठोपाठ दुसराही. गुरूंकडे ढुंकूनही न पाहता.

दादानं आधी पेटी उघडली, मग दार. प्राणगुरू सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

"हात कुणालाही जोडा," नर्स लोकांना म्हणाली, "पण औषध सोडू नका, आणि नळी कुठं जाते ते विचारायला लाजू नका."

पंपाचे दोन झोत घेऊन आईला जरा हुशारी आली. दादा तिच्या पायाशी मान खाली घालून बसला होता. ती हळूच म्हणाली, "मासे बिचारे मुके रे. मी तर तुला तोंडानं सांगत होते."