दुमडीतली वाळू

नवऱ्याच्या पँटच्या दुमडीत मला वाळू सापडली आणि त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना.

मी घरी कपडे अल्टर करून देते, त्यामुळे लोकांच्या खिशांत आणि दुमडींत काय काय निघतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस लागतं, वाळू नाही. रविवारी सकाळी "इस्पितळाची लिफ्ट अडकलीय" म्हणून गेला तो संध्याकाळी दोन्ही तळहातांना फोड घेऊन परतला. विचारलं तर म्हणाला, "पाना घसरला." दोन्ही हातांतून? मला माणसाला लगेच धरायला आवडत नाही, जरा दोर सैल सोडते.

मग दोन दिवसांनी जेवताना अगदी साळसूदपणे म्हणाला, "रविवारी समुद्राकडच्या जंगलात जाऊ या. फळ्यांची वाट केलीय, पार समुद्रापर्यंत. तुझी तू जाशील."

अपघातानंतर मी घरात एकच नियम केला आहे. माझी खुर्ची कोणी ढकलायची नाही. जिथे माझ्या हातांनी जाता येत नाही तिथे मी जात नाही. 'व्हीलचेअरची सोय आहे' अशा पाट्यांनी मला पुष्कळ फसवलं आहे. एका बागेतला उतार तीन पायऱ्यांशी जाऊन संपत होता. दुसरीकडचा उतार मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत घेऊन गेला. तिथून परतताना गाडीत मी घरापर्यंत रडले आणि नवऱ्याला सांगितलं, पुन्हा मला असली पाटी दाखवू नकोस. तोच माणूस आता एवढ्या खात्रीने बोलत होता, म्हणजे बघून आला होता. मग लपवत का होता? एकटा गेला नसणार, दुसरं काय.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना काही कळत नाही, त्यामुळे माझी थेट मस्तकातच लागते.

पार्कात पोचलो तर याला सगळं पाठ. गाडी कुठे लावायची, स्वच्छतागृह कुठल्या इमारतीमागे. तिकीट खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ओठ आवळून घेतले. आत शिरल्यावर एक वनरक्षक बाई काही अंतर ठेवून आमच्या मागे चालू लागली. गळ्यात शिट्टी, नजर सारखी नवऱ्याच्या पायांवर. हिलाही माहीत आहे, मी मनात म्हटलं. सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून.

"वळणानंतर एक फळी हलते, डावीकडून घे," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"तुला कसं कळलं?"

"वाचलं कुठेतरी."

हलणाऱ्या फळीबद्दल कोण लिहून ठेवतं? वळण आलं, फळी हलली, मी मुद्दाम उजवीकडून घेतली. तोपर्यंत मनात मी त्या दुसरीला उभंसुद्धा केलं होतं. उंच, पांढऱ्या बुटांतली, या फळ्यांवर टकटक चालत जाणारी. आणि वाट खरोखर चांगली होती, याचाच जास्त राग आला. कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी, कठडा इतका खाली की बसल्या बसल्या झाडांमधून लांबवर दिसावं. एवढी विचार करून केलेली जागा, आणि याने आधी दुसरीला दाखवली.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी शिट्टी वाजली.

"साहेब, थांबा जरा," वनरक्षक बाई पुढे आली. "मागच्या रविवारी तुम्ही व्हीलचेअरवर होतात. आज चालताय. हा काय प्रकार आहे?"

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"गाडी आतपर्यंत आणायला मिळते म्हणून लोक वाटेल ती सोंगं करतात," बाई मला म्हणाली. "ताई, हे तुमच्याबरोबर आहेत?"

"ते आता ठरवते," मी म्हटलं. "बोल."

तो कठड्याकडे बघत बोलला. "खुर्ची इस्पितळातून मागून आणली होती. एकट्या माणसाला हातांनी शेवटपर्यंत जाता येतं का, ते स्वतः बसून बघितलं. तुला आधी सांगितलं असतं आणि इथेही जमलं नसतं तर? ते गाडीतलं रडणं परत ऐकवलं नसतं मला."

मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

"हातांनी कुठे?" बाईचं समाधान झालं नव्हतं. "या चढावर साहेबांनी पायांनी रेटा दिला. मी वरच उभी होते. तिथेच मला शंका आली."

"पायांनी? मी?"

"दोन्ही."

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. चालत्या पायांचं असंच असतं, ते कधी कामाला लागतात ते मालकालाही कळत नाही.

मी चढाला लागले. निम्म्यावर खांदे भरून आले आणि खुर्ची मागे सरकू लागली. त्याने हात पुढे केले आणि नियम आठवून तसेच मागे घेतले. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"चाकामागे बूट लाव," मी म्हटलं. "ढकलायचं नाही."

त्याने बूट लावला. मी दम घेतला, रेटा दिला, त्याने बूट पुढे सरकवला. थोड्या वेळाने दुसऱ्या चाकामागे वनरक्षक बाईचाही बूट आला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तसे तिघं वर पोचलो. बाई वर क्षणभरच थांबली आणि मागे फिरली.

"एवढे दिवस तू धड बोलत नव्हतीस," नवरा म्हणाला. "काय वाटलं होतं तुला?"

"कोणीतरी बाई आहे, असं वाटलं."

हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"चालणारी?" एवढंच त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरलं नाही. तो खाली फळ्यांवर बसला आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. समोर सगळा समुद्र होता, पण त्याच्याकडे बघायला आम्हाला बराच वेळ लागला.