अकरा ते एकचा डावा हात

अर्धांगाचा झटका आल्यापासून मी ह्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. भरवलं मी, अंघोळ घातली मी, शर्टाची बटणं लावली मी. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस. डावा हात लुळा पडल्यावर सुईखाली कापड सरकवणार कोण? तो हात परत मशीनवर यावा, एवढंच माझं मागणं होतं.

फिजिओथेरपीच्या मुलीने ह्यांच्या दोन्ही मनगटांवर एकेक पट्टा बांधला होता. दिसायला घड्याळासारखा, पण हात किती हलतो तेवढंच मोजणारा. आठवड्याने तिने कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवलं. सात दिवसांच्या सात आडव्या ओळी, वर तास लिहिलेले. उजवा हात हलला की निळा ठिपका, डावा हलला की केशरी.

सगळीकडे निळंच निळं. फक्त अकरा ते एकमध्ये केशरी ठिपक्यांची ही गर्दी! रविवारच्या ओळीत मात्र तिथेही एक केशरी ठिपका नाही.

"काका, अकरा वाजता काय करता तुम्ही?" मुलीने विचारलं.

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मीच म्हटलं, "काय करणार? एकटे असतात. मी तेव्हा दुकानात कामाला असते ना, रविवार सोडून."

बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं.

"वाटाणे सोलतो," हे हळूच म्हणाले. "पाणी ओतून घेतो. सांडलं तर पुसतो."

"शेजारीण सोलून देते म्हणालात की मला!"

"खरं सांगितलं असतं तर हातातून काढून घेतले असतेस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मी मर मर मरायचं आणि वर दोषही माझाच?"

"दोष कसला, काकू?" मुलगी म्हणाली. "पण हात वापरला नाही तर मेंदू त्याचा नाद सोडतो. काकांच्या मेंदूने अजून सोडलेला नाही. हे बघा ना." तिने केशरी ठिपक्यांवर बोट ठेवलं.

घरी येताना मी रिक्षात तोंड फिरवून बसले. खरं तर राग त्यांच्यावर नव्हताच. माझी मलाच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी परत तिकडेच जायचं होतं. मी शर्ट ह्यांच्यापुढे ठेवला आणि खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पहिलं बटण तीनदा निसटलं. दुसऱ्याला ह्यांची जीभ बाहेर आली.

"अहो, कापड खालून धरा ना!"

"तोंडपण मांडीखाली ठेव."

पावणेदहाला शेवटचं बटण लागलं. मधलं एक काज सुटलेलं, कॉलर एका बाजूला वर. मी हात मांडीखालीच ठेवले. उशीर झालाच होता, तसंच निघू म्हटलं तरी मला चाललं असतं.

ह्यांनी आरशात पाहिलं. "असला शर्ट घालून शिंपी घराबाहेर पडतो होय?" म्हणाले, आणि डाव्या हाताने वरचं बटण काढायला लागले.

मी त्या मुलीला फोन लावला. उशीर होईल म्हणून सांगितलं.

"काय झालं, काकू? काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं," मी म्हटलं. "शर्टाचं काम चालू आहे."